अर्धवट कामाखाली नाव कोणाचे?

आजचा धागा एका छोट्या आज्ञेविषयी आहे. एरवी आपण येथे ताम्रपट, बखरी आणि मोडी कागद यांविषयी बोलतो. आजचे साधन जेमतेम वीस वर्षांचे असून त्याचा मुक्काम संगणकात आहे. प्रश्न मात्र आपल्या ओळखीचाच आहे. एखाद्या नोंदीखाली जे नाव दिसते ते तेथे आले कसे, आणि त्यावर विसंबावे किती?

संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे लोक आपल्या लेखनातील प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवतात. त्यासाठी आज जगभर सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे ‘गिट’. त्यातील एका नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. कोणी, केव्हा, कोणत्या आधीच्या अवस्थेवरून आणि काय बदलले, हे सारे त्या एका नोंदीत असते. परंतु माणसाचे काम नेहमीच नोंद करण्याजोग्या अवस्थेत नसते. वाटण अर्धे झालेले असताना दारी पाहुणा यावा आणि पाटा झाकून ठेवून उठावे लागावे, तसे प्रोग्राम लिहिणाऱ्याचेही होते. अशा वेळी अपुरे काम तात्पुरते बाजूला ठेवण्यासाठी गिटमध्ये ‘स्टॅश’ नावाची आज्ञा आहे. ती दिली की केलेले बदल एका बाजूस जातात, पाटी स्वच्छ होते. तातडीचे काम आटोपले की बदल पुन्हा जागेवर आणता येतात.

आता नवल असे, की २००७ सालापासून २०१९ च्या आरंभापर्यंत, ज्या यंत्रावर गिटला तुमचे नाव आणि ईमेल ठरवता येत नसे तेथे ते हे एवढेसे कामही करून देत नसे. आपलेच अर्धे काम, आपल्याच यंत्रावर, कोणालाही न दाखवता बाजूला ठेवायचे, आणि त्यासाठी आधी ‘आपण कोण’ हे सांगायचे! पडद्यावर उत्तर येई की सध्याची अवस्था जतन करता येत नाही. नवशिक्याला वाटे, डिस्क भरली की काय. कारण वेगळेच होते, आणि ते समजण्यासाठी आपल्याला १९७२ पर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षी अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत मार्क रॉचकाइंड यांनी ‘एससीसीएस’ नावाची प्रणाली लिहिली. प्रोग्रामच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनांची वंशावळ साधारणपणे येथूनच मोजतात. तिच्यात प्रत्येक बदलाबरोबर आवृत्तीचा क्रमांक, दिनांक, वेळ आणि बदल करणाऱ्याचे नाव नोंदले जाई. हे नाव कोणी टंकत नसे. ज्या नावाने मनुष्य यंत्रात प्रवेश करी तेच नाव प्रणाली उचलत असे. पुढे १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी ‘आरसीएस’ रचले. त्यात फाइलवर कुलूप लावण्याची रीत होती. एकाने फाइल संपादनास घेतली की दुसऱ्याने थांबायचे, आणि कुलूप कोणाचे हे यंत्रातील प्रवेशनामावरून ठरायचे. १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्रीये विद्यापीठात डिक ग्रून आणि त्यांचे दोन विद्यार्थी एका कंपायलरवर काम करीत होते. तिघांच्या वेळा जुळत नसत. त्या अडचणीतून ग्रून यांनी ‘सीव्हीएस’चा पाया घातला, आणि कुलपाची सक्ती मागे पडली.

या साऱ्या प्रणालींत एक गोष्ट गृहीत होती, इतकी की तिच्याविषयी कोणी फारसे लिहिलेलेही आढळत नाही. यंत्र सामाईक होते, त्याला व्यवस्थापक होता, आणि प्रत्येकाला प्रवेशनाम तो व्यवस्थापकच देत असे. म्हणजे नोंदीखालच्या नावामागे एक संस्था उभी होती. गावच्या वहीत पाटील-कुलकर्ण्यांनी ओळखलेल्या माणसाचेच नाव चढावे, तशी ही व्यवस्था होती.

ते नाव यंत्रात कोठे ठेवलेले असे? युनिक्समध्ये ‘पासवर्ड’ या शब्दाच्या संक्षेपाने ओळखली जाणारी एक फाइल असते. तीत प्रत्येक वापरकर्त्याची एक ओळ आणि ओळीत अपूर्णविरामाने तोडलेली सात घरे. पाचव्या घरात माणसाचे पूर्ण नाव. या घराला आजही ‘गेकॉस’ म्हणतात, आणि त्याची व्युत्पत्ती एखाद्या ग्रामनामासारखी रंजक आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या मोठ्या संगणकांवरील कार्यप्रणालीचे नाव ‘गेकॉस’. त्या कंपनीचा संगणक-व्यवसाय १९७० मध्ये हनीवेलने घेतल्यावर ते ‘जीकॉस’ झाले. बेल लॅब्जमधील आरंभीच्या युनिक्स यंत्रांना छपाईसारख्या कामांसाठी या दुसऱ्या यंत्रांकडे जावे लागे. तेथे लागणारा ओळखक्रमांक कोठेतरी लिहून ठेवायला हवा, म्हणून हे पाचवे घर निघाले. पुढे छपाईची ती वाट बंद झाली, क्रमांकाची गरज सरली, रिकाम्या घरात माणसाचे नाव राहायला आले, आणि दारावरची पाटी मात्र जुन्या भाडेकरूचीच राहिली.

आता २००५. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचे काम जगभरातील शेकडो लोक करीत होते. त्यांचे बदल ईमेलने येत, मधल्या जबाबदार माणसांच्या हातून तपासले जात आणि शेवटी लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे पोचत. २००२ पासून त्यासाठी ‘बिटकीपर’ नावाची खासगी प्रणाली वापरात होती. एप्रिल २००५ मध्ये तिची विनामूल्य परवानगी संपुष्टात आली. टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला नवे साधन लिहायला घेतले, आणि ७ एप्रिलला ते साधन स्वतःच्याच इतिहासाची नोंद ठेवू लागले. तेच गिट. जुलैमध्ये त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली, आणि ती धुरा त्यांनी पुढे दीर्घकाळ वाहिली.

त्या आरंभकाळाच्या पाठीशी एक खटलाही होता. मार्च २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला होता. युनिक्समधील आपल्या हक्काचा मजकूर लिनक्समध्ये घुसवला गेला, असा तिचा आरोप होता. लिनक्समधील अमुक ओळ कोणाच्या हातची, हा प्रश्न तेव्हा एकाएकी न्यायालयात गेला. त्यानंतर मे २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी अशी रीत सुचवली की प्रत्येक बदलाच्या तळाशी तो देणाऱ्याने, आणि ज्यांच्या ज्यांच्या हातून तो पुढे गेला त्यांनी, आपल्या नावाची ओळ लिहावी. हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे, असा तिचा अर्थ. दफ्तरातील कागदावर लिहिणाऱ्याचे अक्षर एकाचे आणि मोर्तब दुसऱ्याचे असते, हे आपणा साऱ्यांना ठाऊक आहे. गिटच्या प्रत्येक नोंदीत दोन नावे असतात, एक लेखकाचे आणि एक नोंद करणाऱ्याचे, ते याच व्यवहारामुळे. बदल एकाने लिहिलेला असतो, कोठारात दुसऱ्याने घेतलेला असतो, आणि दोघांची वेळही वेगवेगळी नोंदली जाते.

येथेच मोठा पालट झाला. गिटला सामाईक यंत्र नाही. प्रत्येकाच्या यंत्रावर संपूर्ण इतिहासाची प्रत असते. नाव देणारा व्यवस्थापकही नाही. मग नोंदीखाली नाव कोणाचे घालायचे? उत्तर असे ठरले की ज्याचे त्याने सांगावे. ‘युझर डॉट नेम’ आणि ‘युझर डॉट ईमेल’ या दोन मांडण्या त्यासाठी आहेत. त्यांत जे लिहाल ते गिट प्रमाण मानते. कोणी त्यात एखाद्या बादशहाचे नाव लिहिले तरी गिट मुकाट्याने मानेल. त्यामुळे हे नाव म्हणजे सही नव्हे, ते निवेदन आहे. खरी सही हवी असेल तर गुप्तकिल्लीने नोंदीवर शिक्का मारण्याची सोय २०१२ मध्ये आली, पण ती ऐच्छिक आहे आणि बहुसंख्य नोंदी तिच्याविनाच असतात.

आणि ज्याने काहीच सांगितले नाही त्याचे काय? तेथे गिट जुन्या वळणावर गेले. पहिल्याच आवृत्तीपासून ते त्या पासवर्डच्या फाइलीतील गेकॉसच्या घरात डोकावून नाव उचलत आले, आणि ईमेल म्हणून प्रवेशनामापुढे यंत्राचे नाव जोडत आले. अंदाजच तो. त्या फाइलीत तुमची ओळच सापडली नाही, तर आरंभीच्या काळातले गिट सांगत असे की तुम्ही अस्तित्वातच नाही, चालते व्हा. पाचव्या घरातील नाव प्रमाणाबाहेर लांब निघाले, तर तुमच्या आईवडिलांचा तुमच्यावर राग असावा, अशी टिप्पणी होई. या ओळी गिटच्या मूळ मजकुरात काही वर्षे खरोखरच होत्या. पुढे त्या सभ्य करण्यात आल्या. मला त्या जाण्याची थोडी हळहळ वाटते. जुन्या दफ्तरातील कारकुनाने समासात लिहिलेल्या शेऱ्याची चव त्यांना होती.

आता स्टॅश. ही आज्ञा २००७ च्या मध्यास गिटच्या इतिहासात आली, आणि त्याच वर्षीच्या १.५.३ या आवृत्तीतून सर्वांच्या हाती पडली. नोंदीबरोबर लेखिकेने कारणही लिहिले आहे, आणि ते वाचून हसू येते. वरिष्ठांना काही दाखवायचे असते, त्यासाठी नवे बदल ओढून घ्यावे लागतात, आणि नेमके त्याच वेळी आपण दुसऱ्याच कशाच्या मध्यावर असतो, अशी ती तक्रार आहे. या नोंदीतील आणखी एक गोष्ट मला फार आवडते. लेखकाच्या जागी नाव हिरागाना या जपानी लिपीत आहे. गिट नावाकडे केवळ अक्षरांची माळ म्हणून पाहते, लिपीची अट घालत नाही. हे कळल्यावर मी माझ्या यंत्रावरील नाव देवनागरीत केले. वीसेक वर्षांनी कोणी त्या नोंदी वाचल्या तर निदान उच्चाराचा घोळ होणार नाही.

पण तात्पुरते ठेवलेले काम आणि नाव यांचा संबंध काय? ते आज्ञेच्या रचनेत दडले आहे. अपुरे काम ठेवण्यासाठी वेगळी पेटी बांधावी असे ठरले नाही. गिटमध्ये जी एकच भक्कम पेटी होती, ती म्हणजे कमिट, तिचाच उपयोग केला गेला. स्टॅश केले की आतल्या आत किमान दोन कमिट तयार होतात. एका कमिटमध्ये पुढच्या नोंदीसाठी निवडून ठेवलेले बदल असतात. दुसऱ्यात कामाच्या जागेची अवस्था असते आणि त्याला दोन पूर्वज असतात, काम जेथून सुरू झाले ती नोंद आणि नुकतीच केलेली ती पहिली. गिटने अद्याप पाहिलेल्याच नाहीत अशा नव्या फाइलीही ठेवायला सांगितल्या, तर तिसरे कमिट होते. वर एक शेरा येतो. त्यात काम चालू असल्याची तीन इंग्रजी अक्षरे, शाखेचे नाव आणि मूळ नोंदीची खूण असते.

कमिट म्हटले की त्याचा साचा ठरलेला. फाइलींच्या झाडाची खूण, पूर्वजांच्या खुणा, लेखकाचे नाव-ईमेल-वेळ, नोंद करणाऱ्याचे नाव-ईमेल-वेळ, आणि शेरा. या संपूर्ण मजकुरावरून चाळीस अंकाक्षरांची एक खूण गणिताने काढली जाते आणि तीच त्या नोंदीची ओळख ठरते. नाव हे खुणेच्या आत विणलेले आहे; एक काना बदलला तरी खूण बदलते, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या पुढच्या साऱ्या नोंदींच्याही खुणा बदलतात. साच्यातील नावाचे घर रिकामे ठेवण्याची मुभा नाही. म्हणून, आपलेच वाटण झाकून ठेवतानाही नाव विचारले जाई. कोणी हेतुपुरस्सर घातलेली ही अट नव्हती. बांधकाम कमिटचे होते, त्याचा तो परिणाम होता.

आणि खरी पंचाईत पुढच्या दशकात झाली. कामे माणसांच्या यंत्रांवरून निघून भाड्याच्या सर्व्हरवर आणि ‘कंटेनर’ नावाच्या क्षणजीवी कोठड्यांत गेली. त्या कोठड्यांतील वापरकर्त्यांना पासवर्डच्या फाइलीत बहुधा नाव नसते, कधी ओळच नसते. तेथे स्वयंचलित आज्ञावली काही बदल बाजूला ठेवू पाहते आणि गिट म्हणते, कृपया आपण कोण ते सांगा. सांगणार कोण? तेथे माणूसच नाही. लोकांनी मग वाटेल ती नावे घालून वेळ मारून नेली. अशी कितीतरी बनावट नावे जगभरच्या नोंदींत असतील. उद्याच्या संशोधकांनो, सावध असा!

याउलट अंदाजाचाही त्रास होताच. एकाच माणसाचे कार्यालयातील यंत्रावर एक ईमेल आणि घरच्या कामांसाठी दुसरे, आणि मांडणी विसरली की तिसरेच यंत्राचे नाव लागून निघालेले. मार्च २०१६ मध्ये आलेल्या २.८ या आवृत्तीत त्यासाठी एक नवी मांडणी दिली गेली. ती चालू केली की गिट अंदाज करणे सोडते. स्पष्ट लिहून दिलेले नसेल तर नोंदच करीत नाही. पुढच्या वर्षी २.१३ मध्ये, कोठार कोणत्या ठिकाणी आहे त्यानुसार वेगळे नाव लागू करण्याची सोयही आली. मी या दोन्ही वापरतो. अंदाजाने लागलेले नाव किती घात करू शकते हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून.

काही वर्षांपूर्वी मी जेथे काम करीत होतो तेथे चाचणीसाठी एक सामाईक सर्व्हर होता, आणि त्यावर सर्वांसाठी मिळून एकच प्रवेशनाम. प्रत्येकाची किल्ली वेगळी, पण आत गेल्यावर सारे एकच. हा सर्व्हर प्रथम उभा केला होता नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीने. तिने रीतीप्रमाणे गिटमध्ये आपले नाव लिहिले होते. पुढे तिची बदली दुसऱ्या गटात झाली, तिची किल्ली काढून घेतली गेली. नाव मात्र मांडणीत तसेच राहिले. महिन्याभराने एका सोमवारी त्या सर्व्हरवरून केलेल्या नोंदीमुळे ग्राहकाचे हिशेब चुकले. नोंद उघडली तर लेखकाच्या जागी तिचे नाव, नोंद करणाऱ्याच्या जागीही तिचेच. तिची नोकरी कायम होण्याची चर्चा त्याच आठवड्यात होती. बैठकीत ती एवढेच म्हणाली, “सर, माझी किल्लीच तिथे नाही. मी लिहिणार कशी?” त्यावर एक वरिष्ठ शांतपणे उत्तरले, की नोंद खोटे बोलत नाही.

हे वाक्य आपल्यापैकी ज्याने एक तरी बनावट सनद पाहिली आहे त्याला सहन होणार नाही. मी दुपारभर बसलो. सोमवारच्या नोंदीची वेळ कार्यालयीन होती, तेव्हा निम्मे लोक सर्व्हरवर होते. तीवरून काही निघत नव्हते. मात्र तो बदल सोमवारी लिहिला गेला होता का? बदल स्टॅशमधून परत आणला की स्टॅशच्या यादीतून तो गळतो, पण त्याचे कमिट लगेच नष्ट होत नाही. कोणाचाही आधार न उरलेल्या अशा नोंदी गिट साधारण दोन आठवडे राहू देते आणि मग सफाईत काढते. गिटच्या तपासणीच्या आज्ञेने निराधार नोंदींची यादी मागवली, आणि तीत ते अपुरे काम सापडले. मजकूर ओळ न ओळ तोच. नाव पुन्हा तिचेच, कारण मांडणी तीच. पण वेळ होती शनिवार, २०:४०, आणि पुढे शून्य कालक्षेत्र. सर्व्हर आंतरराष्ट्रीय वेळेवर चाले. म्हणजे आपल्याकडे रविवारचे पहाटेचे दोन वाजून दहा मिनिटे. त्या मुलीच्या स्वतःच्या यंत्रावरील एकूण एक नोंदींपुढे +०५३० होते. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण त्या सर्व्हरवर कोणीही लिहिले तरी शून्यच उमटणार. पण आता नेमकी वेळ हाती आली होती. मग बाह्य पुरावा पाहिला: सर्व्हरच्या प्रवेशनोंदीत त्या रात्री एकच किल्ली आली होती, आणि ती तिची नव्हती. ज्याची होती त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितले. त्याचा हेतूही वाईट नव्हता. रात्री तातडीने दुरुस्ती करू गेला, अपुरी राहिली, बाजूला ठेवली, आणि सोमवारी दुसऱ्याच कोणी ती पुरी समजून वर आणली.

त्या प्रकरणात खोटे कोणीच बोलले नव्हते, तरी नाव खोटे होते. म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये लिहिला गेलेला आणि फेब्रुवारी २०१९ च्या २.२१ आवृत्तीतून आलेला एक छोटासा बदल मला विशेष वाटतो. तेव्हा स्टॅशची आज्ञा अजून शेल-लिपीत होती. तीत काही ओळींची भर पडली. स्टॅश करताना वापरकर्त्याची ओळख मिळाली तर ती वापरायची. न मिळाल्यास अडून बसायचे नाही. त्या घरात नाव म्हणून ‘गिट’ आणि ईमेल म्हणून ‘गिट@स्टॅश’ एवढेच लिहायचे. तो पत्ता कोणाचाही नाही आणि कोणाचा असल्याचे सोंगही करीत नाही. पुढच्याच २.२२ आवृत्तीत ही आज्ञा सी भाषेत नव्याने लिहिली गेली, आणि तीतही हे वागणे जपले गेले.

कमिटच्या बाबतीत मात्र अशी सवलत दिली गेली नाही, आणि मला तो भेद पटतो. कमिट दुसऱ्यांना द्यायचे असते. त्याखालचे नाव म्हणजे जगापुढे केलेले निवेदन. स्टॅश ही स्वतःसाठी ठेवलेली चिठ्ठी आहे. कच्च्या टिपणावर सही मागणे हा अतिरेक होता, आणि सहीच्या जागी शेजाऱ्याचे नाव अंदाजाने घालणे हा त्याहून मोठा दोष. कोणाची ते माहीत नसलेली चिठ्ठी तशीच ‘अज्ञात’ म्हणून ठेवणे, हे कोणताही चांगला दफ्तरदार करतो. आमच्या त्या सर्व्हरवर मांडणीत कोणाचेच नाव नसते, तर शनिवारच्या त्या चिठ्ठीवर ‘गिट@स्टॅश’ उमटले असते आणि सोमवारची नोंद नाव सांगितल्यावाचून झाली नसती.

नावाचा प्रश्न आणखी एका बाजूने टोचतो. माणसांची नावे बदलतात. विवाहाने, धर्मांतराने, लिंगओळख बदलल्याने, कधी केवळ जुन्या नावाचा वीट आल्याने. पण नाव खुणेत विणलेले असल्यामुळे जुनी नोंद बदलायची तर तिच्यापुढचा सारा इतिहास नव्याने लिहावा लागतो, आणि सामाईक कामात ते सहसा कोणी करू देत नाही. त्यावर तोडगा म्हणून प्रकल्पाच्या कोठारात ‘मेलमॅप’ नावाची एक फाइल ठेवता येते. या जुन्या नावाऐवजी हे नवे दाखवा, एवढेच ती सांगते. मूळ नोंद अस्पर्श राहते. मूळ पाठ तसाच ठेवून शुद्ध पाठ तळटीपेत देणारा संपादक हेच करतो. मात्र ज्याला आपले जुने नाव कोणाच्याही दृष्टीस पडू नये असे मनापासून वाटते, त्याचे समाधान तळटीपेने होत नाही. कारण नवे नाव दाखवणाऱ्या त्या फाइलीतच जुनेही लिहावे लागते.

ज्यांच्या यंत्रावर गिट आहे त्यांनी आज एवढे करून पाहावे. एखाद्या कोठारात स्टॅशची यादी मागवा. जुने काही पडलेले असेल तर ती नोंद ‘फुलर’ या स्वरूपात उघडा. लेखक आणि नोंदकर्ता दोन्ही आपापल्या वेळांसह दिसतील. कालक्षेत्राकडे लक्ष द्या. प्रवासात केलेले काम तेथे पटकन ओळखू येते. पूर्वजांच्या खुणा पाहा, म्हणजे काम कोणत्या अवस्थेवरून सुरू झाले होते तेही कळेल. आणि ईमेलच्या जागी यंत्राचे नाव चिकटलेले दिसले, तर समजा की तेथे तुम्ही काहीच सांगितले नव्हते आणि गिटने गेकॉसच्या घरात जाऊन विचारून घेतले आहे.

स्टॅश इतकी वर्षे आपल्याच यंत्राच्या उंबरठ्याआड राहिले. ऑगस्ट २०२५ च्या २.५१ आवृत्तीत ते बाहेर पाठवण्याची आणि दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेण्याची सोय आली. आता या चिठ्ठ्या प्रवासाला निघतील, आणि त्यांच्यापैकी काहींवर लेखक म्हणून ‘गिट’ असे नाव असेल. पुढे कोणी या लेखकाचा कार्यकाल ठरवायला बसला, तर त्याला हा धागा दाखवा.